मशेरीची डबी

१२ जानेवारी, सोमवार

टीव्हीने घात केला! सान्वीच्या कार्टूनमध्ये मध्येच एक हत्ती डॉक्टर येतो आणि गातो — 'तंबाखूचा राक्षस काळा, त्याच्यापासून लांब पळा!' चाल इतकी गोड की भांडी घासताना मीच गुणगुणत होते. तोंडात मशेरी!

सान्वी दारात उभी. दुसरीतली पोर, पण नजर पोलिसाची. "आई, मशेरी म्हणजे तंबाखूच ना?"

"दात घासायची पूड आहे ती," म्हटलं. साफ खोटं. तंबाखू तव्यावर मीच तर भाजते.

१३ जानेवारी

"राक्षस तुला खाणार! टीव्हीत दाखवलंय!" रडून रडून अंगात ताप आणला पोरीने. जितेश म्हणाला, "अगं, सोड ना एकदाची." नवऱ्याला बोलायला काय जातं! बाराव्या वर्षापासून लावतेय मी. गावी दाढ दुखत होती म्हणून आईनेच बोटावर दिली होती.

शेवटी सान्वीला शब्द दिला — ही डबी संपली की बंद. देवाशपथ. लगेच हसली.

१६ जानेवारी

आज लावलीच नाही. दुपारपर्यंत! कामावर, गाळ्यात स्टीलचे डबे पॅक करताना डोकं फुटायची वेळ आली. सुपरवायझरवर खेकसले. पोटही साफ नाही. घरी आले, चप्पल काढायच्या आधी डबी उघडली. शी! माझी मलाच लाज वाटते.

२० जानेवारी

सान्वी रोज संध्याकाळी झाकण उघडून बघते, किती उरली. अर्ध्याच्या खाली गेली होती. आज ती शाळेत असताना तंबाखू भाजली. खिडक्या बंद केल्या, तरी शेजारच्या भाभीने विचारलंच — "कुछ जल रहा है क्या?"

"हां, मिर्ची."

डबीत काल होती तेवढीच भरून ठेवली. वर एक बोटही जास्त नाही. सात वर्षांच्या पोरीला फसवायला केवढी अक्कल चालते माझी!

२२ जानेवारी

परत भरली.

२५ जानेवारी, रविवार

हत्ती आला टीव्हीवर. सान्वी आता त्याच्याबरोबर गात नाही. डबी हातात घेऊन कानाजवळ हलवून बघते. "खूप दिवस पुरते ना गं ही?"

मी चपात्या लाटत राहिले. मला जमत नाहीये. खरंच जमत नाहीये.

२७ जानेवारी

शाळेतून फोन — सान्वीला चक्कर, उलट्या. रिक्षाने घरी आणली. चूळ भरायला लावली तर पाणी काळं.

"चार दिवस झाले, मी पण लावते," म्हणाली. "आज जास्त घेतली. तू एवढी लावतेस तरी संपतच नाही, आई. दोघींनी लावली तर लवकर संपेल ना?"