चालू म्हणजे लाल

१४ जुलै, सकाळी
आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही. सगुणाने तर मुळीच नाही, बायको असली म्हणून काय झालं.

कारण: सूड.

मिरकरवाडा बंदराच्या मागच्या अंगाला गुलाम रसूल शेठचा बर्फाचा कारखाना. तिथल्या कंट्रोल रूमची स्क्रीन नऊ वर्षांपूर्वी मी बनवली. एकट्याने. तीन कॉम्प्रेसर, एक पंखा, कोपऱ्यात शेपटी हलवणारी सुरमई. कॉम्प्रेसर चालू असला की लाल, बंद असला की हिरवा. पोफळीला पॉवर हाऊसात कंत्राटावर वायरमन होतो, तेव्हाची शिकवण. लाल म्हणजे वीज आहे, मरशील. हिरवा म्हणजे खुशाल हात लाव.

आता ही नम्रता आलीय. डिप्लोमा. वय चोवीस. आठवड्यात सगळं उलटं केलंन. चालू हिरवा, बंद लाल. म्हणे रस्त्यावरच्या सिग्नलसारखं. मागचा निळा रंग जाऊन करडा. सुरमई गायब. स्क्रीनवर नुसती स्मशानकळा.

१ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, होड्या सुटतात. त्याआधी शेठ कंट्रोल रूमचा इनचार्ज नेमणार. ती खुर्ची माझी. गोल फिरते.

१५ जुलै
निषेध सुरू. माझं लॉगिन उघडणारच नाही. ती तिच्या लॉगिनवर काम करत असताना मागे उभं राहायचं आणि नाक मुरडायचं.

दुपारी मुरडलं. तिने विचारलं, आप्पा, सर्दी झाली का? आल्याची वडी दिली. खाल्ली. शत्रूचं खाल्ल्याने शत्रुत्व कमी होत नाही.

१८ जुलै
शेठसमोर माझ्या बटणाला नावं ठेवलीन! माझ्या रचनेत प्रत्येक कॉम्प्रेसरला एकच बटण. बंद असेल तर दाबलं की चालू, चालू असेल तर दाबलं की बंद. सुटसुटीत. तिचं म्हणणं, दोन वेगळी हवीत, माणूस चुकतो. मी म्हटलं, माणूस चुकत असेल, आप्पा चुकत नाही. शेठ म्हणाले, सीझन तोंडावर आलाय, आता राहू दे.

विजय. मशिनांचं तेलपाणी बघणाऱ्या बाबल्याने टाळी वाजवली. नंतर कळलं, डास मारत होता.

२० जुलै, रविवार
गावी जाऊन देवाला गाऱ्हाणं घातलं. गुरवाकडून नीट वदवून घेतलं: बा देवा म्हाराजा, ज्यानं माज्या स्क्रीनचे रंग उलटे केलान, त्याचं समदं उलटं होऊं दे. नाव घेतलं नाही. उगाच पोलिसात प्रकरण जायला नको. देवाला काय, कळतं.

सगुणाने व्हय म्हाराजा म्हटलं, पण आवाजात जोर नव्हता. काम झालं की नारळ नि कोंबडा कबूल केलाय.

२५ जुलै
शेठचा निकाल: २९ला नम्रता दिवसभर एकटी कारखाना चालवील, ३०ला मी. मग ठरवू. ३०ला ती पूर्णगडला, भावाच्या साखरपुड्याला. मैदान मोकळं.

योजना: तिचे रंग गुपचूप उलटे करायचे. चालू असलेलं तिला बंद दिसेल, ती बटण दाबील, आणि शेठच्या देखत फजिती. नम्रताबाई, बघाच आता.

२८ जुलै, दुपारी १.२०
काम फत्ते!

ती डबा खायला गेली. माझं लॉगिन उघडलं. पासवर्ड सगुणाची जन्मतारीख. तिसऱ्या वेळी जमली. स्क्रीन बघत बसलो नाही, थेट रचनेच्या पानावर गेलो; तिथे नुसत्या रेघा दिसतात, रंग नाही. कॉम्प्रेसरच्या चित्रावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. उंची, रुंदी, जागा, दिसणं, लुकलुकणं, आणि खाली रंग.

बघतो तर काय, तिथे लिहिलेलं: चालू लाल, बंद हिरवा. अरेच्चा! तिच्या स्क्रीनवर तर बरोबर याच्या उलट दिसतं. दोन मिनिटं डोकं चालेना. मग उलगडा झाला. या सॉफ्टवेअरात उलटं लिहिलं की सुलटं दिसतं. आरशासारखं. पुस्तकात हे सापडत नाही, अनुभव लागतो.

मी लिहिलं: चालू हिरवा, बंद लाल. म्हणजे दिसणार उलटं. तिन्ही कॉम्प्रेसरना. सेव्ह. लॉगिन बंद. हात धुतले.

२९ जुलै
काहीच झालं नाही. दिवसभर तिच्या मागे उभा होतो. तिचे रंग होते तसेच. एकदाही चुकली नाही. शेठ खूश.

सॉफ्टवेअरला मुरायला वेळ लागत असणार. लोणचं कुठे एका दिवसात मुरतं?

३० जुलै, सकाळी ९.४०
मुरलं!!

माझं लॉगिन उघडलं. तिन्ही कॉम्प्रेसर हिरवे. हिरवे म्हणजे, माझ्या परवाच्या करामतीनुसार, बंद. होड्या उद्या बर्फ भरणार, आणि ही बया तिन्ही मशिनं बंद टाकून साखरपुड्याला गेली! कोपऱ्यात सुरमईही शेपटी हलवत होती. काढायला विसरली. गबाळी.

शेठला बोलावून दाखवलं. ते म्हणाले, आवाज तर येतोय. मी म्हटलं, तो पंख्याचा. त्यांच्या देखत तिन्ही बटणं दाबली. लाल, लाल, लाल. शेठने पाठ थोपटली आणि जेटीवर गेले. मी खुर्चीत बसून एक गिरकी घेतली.

दुपारी १२
कारखाना इतका शांत कधीच नव्हता. बाबल्या विचारतो, आप्पा, मशिनांचा आवाज का येत नाय? मी सांगितलं, जाणता माणूस बसला की मशीनही कुरकुर करत नाही. त्याला घरी पाठवलं.

दुपारी ४
तापमान चढतंय. सेन्सर नम्रताने बसवलेला आहे. दुर्लक्ष.

३१ जुलै
काल संध्याकाळी नम्रता पूर्णगडहून परस्पर कारखान्यात आली. भरजरी साडीत. दारातच थबकली, आवाज नाही म्हणून धावली, आणि मशिनं चालू केली. साडीला ग्रीस लागलं. पण आठ-नऊ तास गेले ते गेलेच.

आज लाद्या काढल्या. बाहेरून बर्फ, आत पाणी. शहाळी! होडी चालवणाऱ्या एका तांडेलाने लादी जमिनीवर आपटली, पाणी शेठच्या चपलांपर्यंत आलं. अठरा होड्या तशाच उभ्या. तांडेल मला जे बोलले ते रोजनिशीतसुद्धा लिहिता येत नाही.

शेठने चपलांतलं पाणी झटकलं आणि माझ्याऐवजी तांडेलांची माफी मागायला गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१ ऑगस्ट
शेठने दोघांना बोलावलं. नम्रताने प्रॉपर्टीज उघडून दाखवल्या. प्रत्येक लॉगिनला रंग वेगळे ठेवता येतात. म्हणाली, आप्पांची लाल म्हणजे चालू बघायची नऊ वर्षांची सवय, म्हणून त्यांच्या लॉगिनला मी पहिल्याच दिवशी त्यांचे जुने रंग ठेवले होते. सुरमईपण. त्यांनी कधी उघडलंच नाही.

मग उलटे कोणी केले, शेठने विचारलं. ती गप्प बसली. सॉफ्टवेअर गप्प बसलं नाही. कोणी, कधी, काय बदललं, सगळं लिहून ठेवतं मेलं. २८ जुलै, दुपारी १.१४. आप्पा.

खुर्ची नम्रताची. माझ्या लॉगिनला तिन्ही बटणं अजून दिसतात, पण दाबली जात नाहीत. तीही एक प्रॉपर्टी आहे म्हणे. सुरमई तेवढी ठेवलीय.

लाज वाटली. हे वाक्य उद्या खोडायचं.

रात्री सगुणाला सांगितलं. वाटलं, निदान घरचं माणूस तरी कड घेईल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, म्हणजे तुमच्या स्क्रीनचे रंग उलटे केले कोणी?

म्हटलं, मी.

तिने खुंटीवरची पिशवी काढली. म्हणाली, उद्या सकाळी लवकर उठा, नारळ नि कोंबडा घेऊन जायचंय. देवानं ऐकलंन.