क्लचची हवा काढताना

माय,

मोटारसायकलच्या क्लचमधलं ऑइल मी घरीच बदललं. बाटली काही महाग नव्हती. पण ऑइल टाकीवर सांडलं आणि तळहाताएवढा रंग सोलून निघाला, पुसायला घेतलेला तुझ्या सुनेचा नवा टॉवेल वाया गेला, आणि तिचं बोलणं अजून संपलेलं नाही. "स्पेअर पार्टची दुकानं थाटली, हाताखाली माणसं हायत, अन् रविवारी सोताच पाना घेऊन बसता. काहून?" मी म्हणालो, हौस. शोरूमला नेली असती तर स्वस्तात पडलं असतं, हे तिला सांगितलं नाही.

ही गाडी तू पाहिली नाहीस. हिच्या क्लचला तार नाही. मूठ दाबली की नळीतलं ऑइल पुढं सरकतं आणि क्लच सुटतो, आपल्या जीपच्या ब्रेकसारखंच. ऑइल जुनं होऊन कोऱ्या चहासारखं झालं होतं, मूठ पोचट लागत होती. काम तसं सोपं. वरच्या डबीत नवं ऑइल ओतत राहायचं, खाली इंजिनाजवळच्या निप्पलला, म्हणजे बारक्या पोकळ नटाला, नळी लावून ती डब्यात सोडायची. मूठ दाबून धरायची, निप्पल सैल करायचं, जुनं ऑइल बाहेर येऊ द्यायचं, निप्पल आवळायचं आणि मगच मूठ सोडायची. आधी सुटली की हवा आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून. एक हात मुठीवर, दुसऱ्यात पाना. एकट्याचं काम. तरी मी सवयीनं मूठ सोडून दोन्ही हातांनी पाना धरत खाली वाकलो आणि मोठ्यानं म्हणालो, "दाब." अंगणात कोणी नव्हतं. मी पाना धरून थांबलो, उत्तराची वाट बघत. मग भानावर येऊन उठलो तो डोकं हँडलला लागलं, आणि टाकीवर ठेवलेली बाटली कलंडली.

बाबा गेले आणि त्यांची काळी-पिवळी जीप माझ्याकडं आली. रोज सवाऱ्या भरून हिंगोली ते कनेरगाव नाका, बाजाराच्या दिवशी जवळा बाजार. मेकॅनिककडं दिली की दिवस बुडायचा, म्हणून ब्रेकचं काम मी दारातच करायचो. मी गाडीखाली आडवा. तू चुलीवरून उठून ड्रायव्हरच्या सीटवर, अनवाणी पाय ब्रेकवर, पिठाचे हात स्टेअरिंगवर.

"दाब!"

"दाबलं."

"धर. सोडू नको."

"धरून राहिले ना! आटप लवकर, तव्यावर भाकर हाय."

एकदा भाकरीचा वास सुटला आणि तू पाय उचललास. हवा आत. मी खालून ओरडलो, तशी तू चुलीपासून म्हणालीस, "मेल्या, रातच्याला ब्रेक खातो का?" आणि पुन्हा येऊन बसलीस. हवा निघाली, पेडल कडक झालं, तरी तू उतरेनास. काचेतून रस्त्याकडं बघत बसलीस.

"हितून लई लांबचं दिसतंय रे. एकदा मला असं पुढं बसवून बाजारला ने."

"माय, पुढची सीट सवारीची. मास्तर बसतात, जमादार बसतो. मधूनच तुला उठवावं लागंल."

"काहून, मी सवारी न्हाई?"

"तिकीट काढती का मंग?"

आपण दोघंही हसलो. आमच्या लाइनीचा रिवाजच तसा होता. मानाची सवारी पुढं, घरचं माणूस मागं, दांडीला धरून. घरचं माणूस पुढं दिसलं की नाक्यावरचे ड्रायव्हर ओरडायचे, "आज धंदा न्हाई वाटतं!" त्याला मी भ्यायचो. माझे कान तेव्हापासून तिखट; चार जीपा एकदम आल्या तरी आपली कोणती ते घरात बसून सांगायचो. तुझं हसू माझ्या आधी थांबलं, तेही मला बराबर ऐकू आलं. मी नट आवळायला घेतले.

त्यानंतर तू बाजारला आलीस ती मागंच, कोणाच्या तरी कोंबड्यांची पाटी मांडीवर घेऊन. तुला शेवटचं हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं तेव्हाही मागंच, कारण तुला बसवत नव्हतं. त्या दिवशी मी एकही सवारी घेतली नाही. माझ्या शेजारची सीट सगळी वाट रिकामी होती.

आता मला इथं-तिथं बोलायला बोलावतात, शून्यातून वर आलेला माणूस म्हणून. गोष्टी रंगवून सांगायची मला खोड आहे, तुला ठाऊकच आहे. तिथं एक वाक्य मी हमखास टाकतो: "माझी आई माझ्या जीपमध्ये कायम पुढच्या सीटवर बसायची." टाळ्या पडतात. त्या मला आवडतात.

हे लिहितोय ते बाटलीच्या खोक्याच्या आतल्या बाजूवर. उद्या सकाळी बंबात घालीन, नाहीतर सूनबाई तुझी वाचेल. यापुढं ते वाक्य गाळावं असं मनात येऊन राहिलंय, पण माइक हातात आला की माझा मलाच भरवसा नाही. आणि तसं पाहिलं तर ते खोटंही नाही. तू पुढं बसायचीस. फक्त तेव्हा जीपची चारही चाकं काढलेली असायची आणि गाडी दगडांवर उभी असायची.