ओवाळणीचा बेल्ट

गारखेडा, औरंगाबाद
१२ सप्टेंबर २००४

चि. बद्रीनाथ यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शेतातल्या मक्याचं समजलं. सौ. साळूच्या गुडघ्याला नुसतं तेल चोळून काही होणार नाही, डॉक्टरला दाखव. फोन का उचलत नाही म्हणून विचारतोस. अरे, अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली. आता मला कागदच बरा. कागदावर माणसाला 'बरं अक्का, ठेवतो' म्हणून सुटता येत नाही.

बातमी अशी की माझ्या स्कूटरचा बेल्ट तुटला. शुक्रवारी गुलशनकडे पडेगावला निघाले होते. छावणीच्या पुढे काहीतरी फटकन वाजलं. इंजिन ओरडतंय, मी मूठ पिळतेय आणि गाडी जागची हलेना. एक हवालदार येऊन म्हणाला की आजी, पेट्रोल संपलं असेल. मी त्याला सांगितलं की पेट्रोल संपलं की इंजिन गप्प बसतं, एवढं तरी खात्याने शिकवायला हवं होतं. शेवटी गाडी टेम्पोत घालून शफीकच्या गॅरेजवर नेली. त्याने झाकण उघडलं तर आत बेल्टच्या शेवया झालेल्या आणि सगळीकडे काळी भुकटी. म्हणाला की आपा, या मॉडेलचा बेल्ट आता येत नाही, कंपनीनेच बंद केला. बोलताना माझ्याकडे पाहत नव्हता.

गुलशन अर्ध्या अंगाने पडून आहे, तुला ठाऊक आहेच. एका स्विचबोर्डवर आम्ही शेजारी शेजारी बसलो, ते निवृत्तीपर्यंत. मंगळवारी आणि शुक्रवारी मी गेले नाही तर तिच्याशी चार वाक्यं बोलणारं कुणी नाही. तिची सून वहिदा दवाखान्यात नोकरीला. ती बिचारी घरी येते तीच थकून. गारखेड्याहून पडेगाव म्हणजे गावाचं एक टोक ते दुसरं टोक. शेअर रिक्षात सात जणांत आठवी म्हणून बसायचं माझं वय नाही.

या शहराला वळण कसलं ते उरलंच नाही. गेल्या महिन्यात त्रिमूर्ती चौकात केळीची हातगाडी डावीकडून थेट अंगावर आली. परवा एका रिक्षाने तशीच घुसून माझा आरसा मोडला आणि वर मलाच विचारतो की मावशी, दिसत नाही का. मी त्याला चौकात उभं करून चांगलं ऐकवलं.

साळूला आशीर्वाद. पत्राला उशीर करू नकोस. माया असते तिथे चार ओळी सुचतातच.

तुझी
अक्का

———

कन्नड
२३ सप्टेंबर २००४

ती. अक्कास बद्रीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं. इथं सगळे ठीक. पाऊस उघडला, सोमवारच्या बाजारात मिरचीला भाव नाय. साळूला परवा दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि तेलही चालू ठेवा म्हणाला, तेव्हा माझं अगदीच चुकत नव्हतं.

अक्का, बेल्ट मिळत नाय म्हणतो तर नसंल मिळत. जुनी गाडी झाली. तू लई वर्षं चालवली, आता राहू दे की. गुलशनबाईकडं पंधरा दिवसांतून एकदा पूर्ण रिक्षा करून जावं. नाय तर सरळ इकडं राहायला ये. कोपऱ्यातली खोली रिकामीच आहे. साळू म्हणते की अक्का आल्या तर मला बोलणी खावी लागतील पण घर जागं राहील.

राग मानू नये. धाकट्यावर आहे तशीच मर्जी राहू द्यावी.

तुझा
बद्री

———

गारखेडा, औरंगाबाद
१० ऑक्टोबर २००४

चि. बद्रीनाथ, आशीर्वाद. या खेपेला एकच.

तुटका बेल्ट पिशवीत घालून मी पैठण गेटला गेले. पहिल्याच दुकानात खिळ्याला तसलेच बेल्ट जानव्यासारखे लटकत होते. दुकानदार म्हणाला की बाई, या गाडीचा बेल्ट बंद व्हायला अजून ही गाडीच बंद झालेली नाही. तिथून तडक शफीककडे गेले. तो आधी देवाच्या शपथा घ्यायला लागला. मी त्याला म्हटलं की देवाला मध्ये घालू नकोस, मी एकटी पुरे आहे. तेव्हा कबूल झाला. तुम्हारे भाई का फोन आया था आपा, म्हणाला. बड़े आदमी हैं, गिड़गिड़ा रहे थे, मना कैसे करता.

माझी गाडी उन्हाळ्यात तू त्याच्याकडे नेलीस ती त्याचा नंबर घ्यायला का? माझ्या गाडीबद्दल माझ्याच गॅरेजवाल्याला माझ्यापाठीमागे फोन! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर खोटं बोलणाऱ्या मुलीला भिंतीकडे तोंड करून उभी करायच्या. तुला जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं हे दादांचं चुकलंच. समोर येऊन म्हणाला असतास की अक्का, तू म्हातारी झालीस, तर भांडले असते. पण ते भांडण झालं असतं. हे काय आहे? चार आठवडे झाले, गुलशनकडे मी एकदाच जाऊ शकले. तिला वाटलं की मी कंटाळले. तिला नीट बोलता येत नाही, म्हणून माझा पदर धरून ठेवला तिने.

आता ऐक. दिवाळी महिन्यावर आली. मी आजवर ओवाळणीत कधी काही मागितलं नाही; तू घालशील ते घेतलं. या भाऊबीजेला मागते. माझ्या ताटात स्कूटरचा बेल्ट घालायचा. साडी नको, पाकीट नको. बहिणीने तोंडाने मागितलेली ओवाळणी नाकारणारा भाऊ आपल्या घरात झाला नाही. तुला पहिला व्हायचं असेल तर येऊच नकोस.

साळूवर लोभ आहे. तुझ्यावरचा तूर्त राखून ठेवला आहे.

अक्का

———

कन्नड
१८ ऑक्टोबर २००४

ती. अक्कास शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोन मी केला, बेल्ट तुटायच्या आधीच. गाडी बिघडून आली तर दुरुस्त करू नको म्हणालो. शफीकला बोल लावू नये, मी त्याला रडून सांगितलं. तुला तोंडावर सांगायची हिंमत आपल्या घरात कुणालाच नाय, मला तर कधीच नव्हती.

आता लिहून सांगतो. आखाडात तू इथं आली होतीस तेव्हा जेवताना साळूला बोललीस की एवढ्या मोठ्या घरात पाहुण्याला चटणी वाढायची रीत राहिली नाय का.  अक्का, ताटात शेंगदाण्याची चटणी होती, कोशिंबीर होती, लिंबू होतं. चटणी-कोशिंबिरीच्या जागीच होतं सगळं, डाव्या बाजूला. तू उजवीकडची भाजी संपवली, भात संपवला, आणि डावीकडचं बोटही न लावता ताट सारलं. साळूनं ते ताट मला दाखवलं. आम्हाला वाटलं तू रागावली, पण कशाबद्दल ते कळंना.

मग तुझी पत्रं यायला लागली. केळीची गाडी डावीकडून आली. रिक्षा डावीकडून घुसली. त्याच्या आधीच्या पत्रात फाटकाचा खांब खांद्याला लागला असं होतं, तोही डाव्याच. गावातली माणसं एकाच बाजूनं तुझ्या अंगावर येत नसतात, अक्का. तुला ती बाजू दिसत नाय.

बेल्ट मी आणीन. तू मागितलाय म्हणजे घालणं आलं. तेवढं आधी डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन ये, हात जोडतो. आणि नाय गेलीस तरी बेल्ट आणीन. मग जे होईल ते होईल.

साळूचा नमस्कार. मला शब्द लाव, पण टाकू नको.

बद्री

———

गारखेडा, औरंगाबाद
२४ नोव्हेंबर २००४

चि. बद्रीनाथ यास अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेच्या दिवशी तू आलास, पाटावर बसलास, मी ओवाळलं. ताटात बेल्ट घातलास. करंजीचा एक तुकडा मोडून संध्याकाळच्या एसटीने परत गेलास. तुला वाटलं असेल की अक्काने डोळे दाखवलेच नाहीत. दाखवले होते, दिवाळीच्या आधीच. तुला खोटं पाडायला गेले होते.

तिथे एका यंत्रात तोंड घालून बसवतात. प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी भराभर दाबत होते. सोपं वाटलं. मग डॉक्टरणीने कागद दाखवला. त्याची डावी बाजू काळी. मी म्हटलं की तुमचं यंत्र बिघडलंय. तिने न रागावता पुन्हा बसवलं. पुन्हा तेवढंच काळं. काचबिंदू म्हणतात याला. डावा डोळा जवळजवळ गेलाय आणि उजव्याचीही नाकाकडची कड खाल्लीय. गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं जपायचं. त्या रिक्षावाल्याला मी चौकात उभं करून बोलले होते. त्याचं नावही माहीत नाही की जाऊन काही सांगावं.

मला हे कळलेलं असूनही तुला सांगितलं नाही आणि बेल्ट तुझ्याच हाताने ताटात घालून घेतला. शफीकशी बोलताना घालमेल माझी झाली होती. एक दिवस तुझी होऊ दे म्हटलं. तुझा उतरलेला चेहरा पाहून समाधान होईल असं वाटलं होतं. झालं नाही.

शफीकला घरी बोलावून बेल्ट बसवून घेतला. मी स्टूल टाकून समोर बसले. त्याने झाकण काढलं, भुकटी पुसली, मागची पुली दाबून बेल्ट आत सरकवला. बेल्टवर बाण छापलेला असतो, चाक फिरतं त्या दिशेला तो ठेवावा लागतो. मी दोनदा विचारून खात्री केली. मेन स्टँडवर गाडी सुरू केली तेव्हा मागचं चाक सुरेख फिरलं. शफीक चावी माझ्या हातात देऊन बाजूला झाला. मी बंद करून चावी पर्समध्ये टाकली. 

काल वहिदाला बोलावून गाडी तिला दिली. तिची ड्यूटी रात्री संपते आणि त्या वेळी पडेगावला बस नसते. ती म्हणाली की खाला, दर शुक्रवारी मी येऊन तुम्हाला अम्मीकडे नेईन. मनापासून म्हणाली. पण नोकरी, दोन पोरं आणि अंथरुणावरची सासू एवढं करून कुठल्या शुक्रवारी येणार? पहिले दोन येईल. मी तिला दोष देणार नाही. गुलशनला मात्र कसं सांगायचं ते सुचलेलं नाही. तिला ऐकू सगळं येतं.

वहिदा निघाली तेव्हा मी फाटकात समोर पाहत उभी होते. पुढच्या कोपऱ्यावर ती डावीकडे वळली असणार. मला गाडी त्याच्या आधीच दिसेनाशी झाली. आवाज बराच वेळ येत होता.

तुझी ती कोपऱ्यातली खोली तूर्त भाड्याने देऊ नकोस. साळूला म्हणावं, चटणीबद्दल बोलले ते मागे घेते.

लोभ होता तसाच आहे, तूही ठेव. आणि अक्षर मोठं काढत जा. कागदाच्या डाव्या बाजूला समास जरा जास्त सोड. ओळींची सुरुवात मला सापडत नाही.

तुझी
अक्का