भुलाबाईचं गाणं कोणी लावलं

माय, गेल्या महिन्यात सकाळी मेथीच्या जुड्या बांधत होते आणि बाजूला ठेवलेल्या फोनमधून भुलाबाईचं गाणं सुरू झालं. मी ते मागितलं नव्हतं. मी रोज भजनं लावते, कधी जुनी हिंदी गाणी. भुलाबाईचं नाव त्या फोनपाशी कधी काढलं नाही. आवाज दुसऱ्याच कुठल्या बायांचे, पण चाल तीच, माहेरी किन्हीराजाला, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी फेर धरायला जमल्या की आपल्या अंगणात तू धरायचीस ती. तू जिथे दम घ्यायचीस तिथेच त्याही घेत होत्या. आनंद झाला असं तुला वाटेल. नाही झाला. मला भीती वाटली, की याला कोणी सांगितलं?

तूच शिकवलं होतंस. बियाण्याच्या दुकानातल्या माणसानं न विचारता एक पाकीट पुढे सरकवलं आणि मी हात लावला, तेव्हा तू चारचौघांत मला झापलंस. "आपन मांगतलं नाही ते कोनी देते, तं आधी त्याच्या तोंडाकडे पाहावं." याला तोंडच नाही, माय. गाणं संपलं की हा आपल्या मनानं दुसरं लावतो, आणि खाली लिहून येतं, खास तुमच्यासाठी. माझ्यासाठी म्हणजे काय? मी कोण हे याला काय ठाऊक?

हे ॲप भाचीनं फोनमध्ये घालून दिलं होतं, धाकट्या भावाच्या पोरीनं. ती पुण्याची, पण सुट्टीत माझ्याकडे मालेगावला येते. बाप आला नाही तरी ती येते. तिला फोन करून विचारलं तर हसली. "आत्या, तो तुझं बोलणं ऐकत नाही गं. तुझ्यासारखी गाणी ऐकणारे लोक आणखी काय ऐकतात, ते बघून सुचवतो."

"माह्यासारखे कोन? त्यायले मी वळखतो काय?"

"कोणीच कोणाला ओळखत नाही, आत्या."

माझा संशय काही गेला नाही. दोन दिवस फोनपुढे मुद्दाम लावणीच्या गप्पा करून पाहिल्या. तुझा जावई दारातून म्हणाला, "काहून वं, कोनाशी बोलून राह्यली?" लावणी आली नाही. भुलाबाईचंच दुसरं गाणं आलं, आणि तेही मध्येच बंद पडलं. इंग्रजीत काहीतरी लिहून आलं. त्याचा फोटो काढून भाचीला पाठवला, तिनं आधी तो नीट वाचला. मग म्हणाली, "आत्या, खातं बाबांचंच आहे. तुझ्या फोनवर तेच घातलंय. त्यांनी तिकडे गाणं लावलं की तुझं थांबतं."

म्हणजे इतके दिवस मी आणि धाकटा एकाच खात्यावर होतो, माय. बोलणं तर तू गेलीस तेव्हापासून बंद. उपचारासाठी तुला तो पुण्याला घेऊन गेला, आणि फोनवर मला रोज सांगत राहिला, माय बरी हाय, तू नको येऊ. मग एका दुपारी सांगितलं की तू नाहीस. त्यानं मला मुद्दाम लांब ठेवलं, हे मी मनात पक्कं केलं ते केलंच. आता वाटलं, तो तुझी गाणी लावतो. चोरून लावतो. लहानपणी तो आम्हा पोरींच्या घोळक्यात येऊन बसायचा, मी त्याला हाकलायची, आणि तू चुलीपुढून उठून त्याला कडेवर घेऊन गायचीस. ते सगळं डोळ्यांपुढे येतंय. तू गाते आहेस आणि तो तुझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला आहे.

परवा त्याला फोन लावला. त्यानं उचलला.

"भुलाबाईचं गानं तू लावतं काय?" मी विचारलं.

"मी?" तो म्हणाला. "मी तं बातम्या आयकतो, नाही तं भजन. ते गानं आपोआप येते. पोरगी म्हने, आत्या बी याच खात्यावर हाय. मले वाटलं तूच लावून राह्यली, ताई. म्हनलं, बोलत नाही, पन मायचं गानं पाठवते." मग म्हणाला, "शेवटी माय म्हने, तिले नको बोलावू, मले असं पाहून ते रडन. म्हनून नाही बोलावलं. तुले सांगाची हिंमत नाही झाली."

हे खरं का, माय? तू तसं म्हणाली होतीस? तुझ्याशिवाय विचारू कोणाला? त्याच्यावर पूर्ण विश्वास अजून बसत नाही, आणि त्या यंत्रावर तर नाहीच. त्यानं लावलं नाही, मी लावलं नाही, मग आम्हा दोघांचं काय पाहून त्या यंत्रानं नेमकं तुझंच गाणं उचललं?

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढंच तुला सांगते. परवा फोन ठेवण्याआधी धाकट्यानं पुन्हा विचारलं, "तूच लावलं ना, ताई?" मी म्हटलं, हो, मीच लावलं.