मुलीसाठी रकाना नाही

सोम., १० नोव्हें.
आजही तेच. बीपी आधी कागदी चार्टवर, मग कॉम्प्युटरवर. ताप तसाच, सलाईन तसंच. इन्चार्ज मॅडमना विचारलं, दोन्हीकडे कशाला? "वरून आलंय." वर कोण बसलंय त्याला एकदा वॉर्डात उभं करायला हवं.
बेड ७ च्या, दिघाशी गावच्या आजी सारखा हात धरतात. "बाय, बस ना जरा." म्हटलं, नोंदी टाकून येते. टाकेपर्यंत ड्युटी संपली.

मंगळ., ११
आज बसले. आजींची मुलगी वज्रेश्वरीला असते, प्रसादाचं दुकान आहे. तिने मनाने लग्न केलं, तेव्हापासून मुलगा घरात तिचं नाव काढू देत नाही. "त्याला नको सांगू. पन तिला बोलव. माजा डोला लागत न्हाय, बाय."
वॉर्डातून फोन लावला. उचलला नाही. तेवढ्यात मॅडम ओरडल्या, एंट्र्या पेंडिंग. मग जाताना कागदी फाइलीत ठळक लिहिलं : मुलीला पुन्हा फोन करणे, खाली नंबर. कॉम्प्युटरवर अशा गोष्टीला रकानाच नाही. उलटी आहे, वेदना आहे, मुलगी नाही.
उद्या माझी सुटी. ड्युटी शाहीनची, ती करेल फोन.

गुरु., १३
बेड ७ वर दुसरीच बाई. आजी काल संध्याकाळी गेल्या.
शाहीनला विचारलं, फोन केलास? "कसला फोन? ड्युटी बदलताना हँडओव्हर स्क्रीनवरच घेतो ना यार आता. फाइल कोण उघडतंय?" मग मुलीचं सांगितलं, तेव्हा तिला कळलं. डोळे भरले तिचे. तिच्यावर चिडणार होते, जमलं नाही. मी तरी कुठे उघडते?
बाथरूममध्ये जाऊन रडले. खूप वाईट वाटतंय. मग येऊन राहिलेल्या नोंदी टाकल्या. दोन्हीकडे.

शनि., १५
मुलगी आली होती. गावातून कुणीतरी कळवलं, तोवर सगळं आटोपलेलं. मोबाईल काढून नंबर दाखवला. "हा इथला ना? कर्जवाल्यांचा असंल म्हणून उचलला न्हाय. मी उचलला असता तर आई भेटली असती ना, सिस्टर?"
मंगळवारचा फोन. आजी त्यानंतर अख्खा दिवस होत्या. आम्ही पुन्हा लावला असता तर...
मी नुसता तिचा हात धरला. मॅडमनी बाजूला घेतलं : "जास्त बोलू नका. उगाच लफडं होईल."
उद्या मुलगी आजींची वॉर्डात राहिलेली पिशवी न्यायला येणार आहे. ड्युटी माझीच. ती स्वतःलाच दोष देतेय, तसाच देऊ द्यायचा?