मोजण्याआधी उचलायचं पाकीट

शिंचू, शुक्रवार

प्रिय चिंगयाओदादा,

अकरा वर्षांनी लिहितेय. पत्र फाडायचं असेल तर फाड, पण शेवट वाचून मग. तो तुझ्या लेकीबद्दल आहे.

आपला तो अँप्लिफायर आठवतो? सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद व्हायचा आणि शेजारच्या रेडिओत खरखर ओतायचा. ती कमी करायला तू महिनाभर झटलास. चिपला खेटून कपॅसिटर बसवलेस, तारांचे वळसे आखूड केलेस. मी मात्र यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून खाऊचं हिरवं पाकीट बोर्डावर ठेवलं, आपल्याकडे सगळेच ठेवतात तसं. तू चिडवायचास, "पेइवन, आता पाकिटालाच पगार दे." खरखरीचे आकडे उत्तम आले. खाली सही तू केलीस.

तपासणी-केंद्रात तोच बोर्ड सपशेल नापास झाला. आपले छिउ साहेब सगळ्यांदेखत तुला म्हणाले, "आकडे काय घरी बसून लिहिलेस?" आठवड्याभरात तू नोकरी सोडून गाव गाठलंस.

खरं तर बोर्ड नापास झाला त्याच संध्याकाळी मी दुसऱ्या बोर्डावर पुन्हा मोजलं होतं. पाकीट ठेवलं की आकडा खाली, उचललं की वर. त्याच्या आतल्या चंदेरी अस्तरानं खरखर दाबून धरली होती, आणि तपासणीला बोर्ड गेला तेव्हा पाकीट टेबलावरच राहिलं होतं. माझी बढती तोंडावर आली होती. मी गप्प बसले. तू मला धाकटी बहीण म्हणायचास, तरी गप्प बसले. त्याची लाज आजही वाटते.

आज तुझी यूछिंग आमच्याकडे मुलाखतीला आली होती. आडनाव वाचून छिउ साहेब हसले, "लाइची मुलगी? मग हिचे आकडे कोण तपासणार?" पोरीचा चेहरा उतरला. मी घाईनं विचारलं, मोजायच्या आधी काय करशील? ती म्हणाली, "बोर्डावरचं पाकीट उचलीन. बाबा म्हणतात, आधी पाकीट उचल, मग आकड्यावर विश्वास ठेव." म्हणजे तुला ठाऊक होतं. इतकी वर्षं देवळांचे भोंगे दुरुस्त करत राहिलास आणि कुणापाशी माझं नाव काढलं नाहीस. मला रडू आवरेना. तिच्यासमोर, साहेबांसमोर सगळं सांगून टाकलं. यूछिंग सोमवारी रुजू होतेय. त्याच दिवशी मी राजीनामा देतेय. ती माझ्यावरच्या रागानं घरी येईल, दादा. या वेळी तरी मला पाठीशी घालू नकोस.

तुझीच,
पेइवन