झाकलेलं ताट

मंगळवार, संध्याकाळ

रविवारी इथल्या चर्चच्या मराठी उपासनेत कष्ट आणि विसावा यांवर मी संदेश दिला. राबा, पण घराला उपाशी ठेवू नका, असं काहीसं. सगळ्यांनी कौतुक केलं. मग आपणच बोललेलं आपण करायला नको? म्हणून आज तुआसच्या कारखान्यातून लवकर निघालो आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पुंगोलला, उजेडात घरी पोहोचलो.

स्नेहलनं पानं वाढली आणि सवयीनं माझं ताट झाकून ठेवलं. मी समोरच उभा! दोघंही हसलो. जरा जास्तच हसलो.

मग जेवणाआधीची प्रार्थना. आज रूथची पाळी. एरवी सगळं इंग्रजीत बोलणारी ही पोर तेवढी प्रार्थना मराठीत म्हणते, आईनं शिकवलेली, तोंडपाठ. तिनं डोळे मिटले.

"प्रभू येशू, या अन्नासाठी तुझे आभार. पप्पा कामावर आहेत, त्यांना सुखरूप घरी आण."

मी तिच्या शेजारीच बसलो होतो. स्नेहलनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले.

त्या संदेशासाठी किती रात्री जागलो, वचनं काढली, दाखले शोधले. कुणासाठी?

ताटावरचं झाकण अजून तसंच होतं. मी आमेन म्हणालो. अगदी मनापासून.